‘पण’ न जोडता

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्स नावाच्या शहरात मी नवरा-बायकोंसोबत थेरपिस्ट म्हणून काम करते. बहुतेक क्लायंट इंग्रजी बोलणारे. त्यामुळे एका जोडप्याचा फोन आला आणि पलीकडून मराठी कानावर पडलं, तेव्हा मला बरं वाटलं.

तो नागपूरचा, आयटीतला. ती तिकडे डेंटिस्ट होती. लग्न करून त्याच्या व्हिसावर इथे आली. इथे प्रॅक्टिस करायला लागणाऱ्या परीक्षा रखडल्या आणि ती एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला बसू लागली. दोघं भांडत नसत. घरात बोलणंच उरलं नव्हतं.

माझी पद्धत साधी आहे. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं परत सांगायचं. उत्तर नाही, खुलासा नाही. त्याला ते जमेना. तिचं म्हणणं नीट सांगून तो पुढे ‘पण’ जोडायचा. पण मीच म्हणत होतो ना, क्लास लाव. पण नोकरी तुलाच हवी होती. मी हात वर केला की ओशाळून थांबायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती म्हणाली, पेशंट आत जातो, दार लागतं, आणि नुसत्या ड्रिलच्या आवाजावरून तिला कळतं आत काय चाललंय. डेस्कखाली तिची बोटं आपोआप हलतात. मग फोन वाजतो आणि ती कुणाला तरी अपॉइंटमेंट देते. संध्याकाळी तो विचारतो, आज काय विशेष? ती म्हणते, काही नाही.

तो तिच्याकडे वळून बसला. मग हळू आवाजात सगळं परत बोलला, त्या बोटांसकट. पुढे काहीही जोडलं नाही.

तिला रडू आलं. मला वाटलं, जमलं आता.

डोळे पुसून ती म्हणाली, “मला परत जायचंय. स्वतःचा दवाखाना काढायचाय.”

“कळलं मला,” तो म्हणाला. “आणि मला नाही यायचं, हेही खरंय.”

त्यानंतर ते येत राहिले, ते नीट वेगळं कसं व्हायचं हे ठरवायला. त्यांचं त्यांना उमगावं, एवढंच माझं काम. संसार टिकला का मोडला, याने ते मोजायचं नसतं, असं आम्हाला शिकवतात. मला ते पटतंही. तरी शेवटच्या दिवशी त्याने तिला कोट घालायला मदत केली, आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

पुढच्या वर्षी तो सुपरमार्केटमध्ये दिसला. क्लायंटला आम्ही बाहेर आपणहून ओळख देत नाही. तोच जवळ आला. तिचा दवाखाना छान चाललाय म्हणाला. दर रविवारी ती फोन करते, खूप बोलतात म्हणे दोघं.

मग ट्रॉलीकडे बघत म्हणाला, “तुमच्याकडे आधीच आलो असतो, तर टिकलं असतं?”

“कदाचित,” मी म्हटलं.

तो मान हलवून बिलाच्या काउंटरकडे गेला. त्याला धीर देणारं काहीतरी मला सुचायला हवं होतं.