अण्णांच्या बाह्या

गुरप्पा अण्णांनी मला पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या गॅलरीत दोघं येऊन उभे राहिले. अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, आजून नुसता कापूस लावलाय."

अण्णा निवृत्त कंपाउंडर. माझ्या सोरायसिसची सुई टोचायला दर पंधरा दिवसांनी घरी यायचे. 'हेदरब्याड' म्हणून कानडीत धीर द्यायचे आणि लगेच मराठीत अब्रू काढायचे. सोलापूरच्या मे महिन्यात, भिंतीला हात लावला तरी चटका बसतो तेव्हाही, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. विचारलं तर म्हणायचे, "कंपाउंडरनं टापटीप ऱ्हावं की."

मग एकदा मी मोबाइलवर वाचलं. पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी, तिला केसाहून बारीक सुया. कातडीवर चिकटवली की औषध आपोआप आत. संशोधन अजून चालू आहे, हेही तिथं लिहिलं होतं. पण माझ्या डोळ्यांना सोयीचं तेवढंच दिसतं. अण्णांना ऐटीत सांगितलं, "तुमचा धंदा बसला आता." आणि सुई बंद करून पट्टीची वाट बघत बसलो.

त्यानंतर अण्णा रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय साहेब, आलं का तिकीट?"

तिकीट आलं नाही. सोरायसिसचे खवले मात्र कोपरावरून निघून कपाळापर्यंत पोचले. एका लग्नात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपलं ताट माझ्यापासून लांब सरकवलं. घरी येऊन मी बायकोसमोर तासभर समाजाचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप अण्णांना बोलावलं.

नेमकी वीज गेलेली. अण्णा घामानं निथळत होते. हात धुताना त्यांनी पहिल्यांदाच बाह्या दुमडल्या. दोन्ही कोपरांवर खवले, थेट माझ्यासारखे. ते दंड धरायला पुढे झाले आणि माझा हात मागे गेला.

अण्णा थांबले. "हे लागत न्हाय साहेब. दुसऱ्याचं सोडा, तुमाला तर ठावं हाय की."

मी दंड पुढे केला. त्यांनी सुई दिली. त्या दिवशी मी ओरडलो नाही. बाह्यांची बटणं लावत ते म्हणाले, "ही कोपरं दिसली तर माझ्या हातची सुई कोन घेतंय? तुमचं ते तिकीट आलं की पैलं मला सांगा. जो तो आपलं आपन चिकटवंल. मग मी बाह्या वर करून चौकात बसतो बगा."

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

अण्णा गेल्या वर्षी अक्कलकोटला लेकीकडे वारले. आम्ही दोघं गेलो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलेल्या देहावर तोच सदरा होता, बटणं मनगटापर्यंत लावलेली. पट्टी अजूनही आलेली नाही.

परतताना एसटीत मी म्हणालो, "लोक किती वाईट बघ. जन्मभर माणसाला बाह्या वर करू दिल्या नाहीत."

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लोकांचं राहू द्या. तुम्ही हात मागे घेतलात तेव्हा मी चहा घेऊन दारातच उभी होते."