पाणी काय म्हणतंय

“पाणी काय म्हणतंय, बघू.” कुत्र्याच्या आतड्याला शेवटचा टाका घातला की मॅडम हेच म्हणायच्या. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना त्या आतडं बोटांत चिमटून धरायच्या, मी मधे सुईनं सलाईन भरायचो आणि दोघंही टाक्यांकडं बघत राहायचो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो ना, तसंच. एक थेंब दिसला तरी आणखी एक टाका.

तासगावात त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून लागलो होतो. मला घाई असायची. त्या म्हणायच्या, “आतडं कापायला काय लागतंय? ते गळू न देणं, हे काम.”

एकदा पलूसकडून एक धनगर आबा त्यांची काळी कुत्री खांद्यावर घालून आले. दाणे काढलेलं मक्याचं कणीस तिनं गिळलं होतं. पोट उघडलं तर कणसाभोवतीचं आतडं जांभळं पडलेलं. मला वाटलं, छेद घ्यावा, कणीस काढावं, शिवून टाकावं. मॅडमनी तो जांभळा तुकडाच कापून काढला, उरलेल्या कडांतून ताजं लाल रक्त येईपर्यंत. जोडलं, पाणी भरून पाहिलं, वरून पोटातल्या चरबीची जाळी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मॅडम कुत्रीला बोटानं पातळ पेज चाटवत बसल्या. आबा बिचकले. “आवं, कापल्याल्या पोटात खायाला घालताय?”

“आतड्याला काम दिलं की जखम लवकर भरती, आबा.”

इतकं करूनही दोन-तीन दिवसांनी ताप चढला. कुत्री मान टाकून पडली. मॅडमनी पोटातलं पाणी सुईनं काढून तपासलं आणि त्या आबांच्या समोर जाऊन बसल्या.

“गळतंय. मी घातलेल्या टाक्यातनंच गळतंय. पुन्हा उघडायला पायजे. उघडलं तरी वाचंलच, असं न्हाई.”

माझ्या मनात सबबी तयार होत्या. आतडं आधीच खराब होतं, जनावर उशिरा आणलं. त्यांनी त्यातली एकही वापरली नाही.

आबांनी कुत्रीच्या डोक्यावरनं हात फिरवला. मग म्हणाले, “मेंढरं म्होरं गेल्यात. जाऊ द्या. मी हितंच ऱ्हातो. उघडा तुमी.”

भोक मोहरीएवढं होतं. मॅडमनी ते बंद केलं, शेजारचं निरोगी आतडं त्यावर टाचलं, सगळं पोट कोमट सलाईननं धुतलं. पुढं ज्या सकाळी कुत्रीनं उठून आपली आपण पेज चाटली, त्या सकाळी मॅडम मोरीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारून बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. यंदा मेंढरं इकडं आली तेव्हा आबा त्या काळ्या कुत्रीला घेऊन दारात उभे. “बाई हायत का?”

मी सांगितलं.

“कशानं?”

“आजारी होत्या. आम्हाला कुणाला बोलल्या नाहीत.”

आबा पायरीवर टेकले. “आमास्नी तर समदं सांगत व्हत्या,” म्हणाले.

कुत्री गार फरशीवर आडवी झाली. काळ्याभोर पोटावर शिवणीच्या रेघेत केस परत आले होते, ते मात्र पांढरे.