सुईदोऱ्याचा गिअर

माझं सायकलचं दुकान आहे आणि तरुणपणी मी शर्यती जिंकलेल्या आहेत. या दोन्ही गोष्टी मी कोणी न विचारताच सांगतो, असं आमच्या वहिनींचं म्हणणं. वहिनी परिचारिका आहेत. सायकलवरून घरोघर जाऊन आजाऱ्यांचं रक्त काढतात. वय पन्नास, बांधा आडवा, आणि हट्टाबद्दल तर विचारूच नका. दोन महिन्यांपूर्वी डोंगरावरची सहा घरं त्यांनी स्वतःहून मागून घेतली.

एका सकाळी त्या सायकल घेऊन दुकानात आल्या.

"भाऊजी, ह्याहून हलका गिअर बसवा."

"वहिनी, बावीस मिनिटांत डोंगर चढता तुम्ही. आणखी हलका म्हणजे म्हाताऱ्यांचा गिअर. पाय नुसते गरागरा फिरतील आणि सायकल जागची हलणार नाही."

त्या स्टुलावर टेकल्या आणि खरं काय ते सांगितलं. सगळ्यात वरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. दर शुक्रवारी त्यांचं रक्त काढायचं असतं. वहिनी धापा टाकत पोचतात, हात थरथरतात आणि शीर काही सापडत नाही. तीन शुक्रवार बाईंना दोन-दोनदा टोचावं लागलं, हात काळानिळा पडला. शेवटी बाईंनी दवाखान्यात पत्र धाडलं.

"या शुक्रवारी परत तसंच झालं, तर डोंगर माझ्याकडून काढून घेणार आहेत," वहिनी म्हणाल्या.

"मग वर पोचल्यावर जरा दम खायचा की."

"बाई उपाशीपोटी दारात उभ्या असतात, भाऊजी. त्यांना काय सांगू, थांबा, मला धाप लागलीय? आणि अशी सहा घरं आहेत."

मी आपला घड्याळ लावून बसलो होतो, आणि इथे प्रश्न हाताचा होता. मला माझीच लाज वाटली.

कामाला लागलो. मागचं चक्र जितकं मोठं, तितका गिअर हलका. मागे अठ्ठावीस दात्यांचं चक्र होतं, तिथे बत्तीसचं घातलं. दुकानाशेजारी पाण्याच्या टाकीकडे जाणारा खडा चढ आहे, तिथे परीक्षा. ती वहिनींनीच ठरवली: वर पोचल्या पोचल्या सुईत दोरा ओवायचा. बत्तीसला दोरा चारदा हुकला. छत्तीसचं घातलं, चेनच्या कड्या वाढवल्या, तरी दोनदा हुकलाच. याहून मोठं चक्र माझ्याकडे नव्हतं. मी हात टेकले.

"मग पुढचं लहान करा ना," वहिनी म्हणाल्या.

तीस वर्षं या धंद्यात आहे मी, आणि हे मला रक्त काढणाऱ्या बाईने सांगावं. पुढे, पेडलपाशी, बेचाळीसच्या जागी तीस दात्यांचं बसवलं. या खेपेला वहिनी इतक्या सावकाश चढल्या, की फिरायला निघालेले एक आजोबा गप्पा मारत त्यांच्या बरोबरीने वर गेले. दोरा मात्र पहिल्याच फटक्यात आत गेला. मग मी मुद्दाम माझी शर्यतीची सायकल काढली, तोच चढ मारला आणि ऐटीत सुई मागितली. दोऱ्याचं राहू द्या, माझ्या हातून सुईच पडली. ती शोधण्यात अर्धा तास गेला.

शुक्रवारी मला राहवेना. मीही निघालो, आणि सवयीप्रमाणे पुढे निघून गेलो. बाईंच्या दारात पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि खुर्ची पुढे केली.

"रक्त माझं काढायचंय ना? की तुमचं?"

अकरा मिनिटांनी वहिनी आल्या, काहीतरी गुणगुणत. हात धुतले, बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. बाईंनी डोळे गच्च मिटून भिंतीकडे तोंड फिरवलं.

जरा वेळाने बाई तशाच, डोळे मिटूनच म्हणाल्या, "टोचणार कधी?"

वहिनींच्या हातातली नळी भरत आली होती. "टोचून केव्हाच झालं. हलू नका."

बाईंनी डोळे उघडले. आधी हाताकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आज उशीर झाला तुम्हाला."

"हो," वहिनी म्हणाल्या.

"पुढच्या शुक्रवारीही असाच करा."