भंगार म्हटलेला अल्बम

मशीनवरच्या कूलंट तेलाचा वास आला की मला चाकणच्या कंपनीचं गेट आठवतं. आमच्या लाडक्या, जुन्या पोस्ट-पंक रॉक बँडच्या, चाहत्यांतही बदनाम असलेल्या एका अल्बमला मी चारचौघांत भंगार म्हणालो, म्हणून त्याच अल्बमवर जीव असलेला, कंपनीतला माझा जिवलग मित्र वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता. एकदा सेकंड शिफ्टला येताना बसमध्ये मी तोच अल्बम मोबाइलवर सहज लावला आणि चौथ्या गाण्यातल्या बेस गिटारनं अंगावर काटाच आला. गेटवर उतरलो, तर तो फर्स्ट शिफ्ट संपवून, कपड्यांना कूलंटचा वास घेऊन परतीच्या बसमध्ये बसलेला. मी धावत चढलो आणि एक इअरफोन त्याच्या कानात घातला. “भावा, तुझंच बरोबर होतं!” “वर्ष लागलं व्हय तुला?” म्हणत तो हसला आणि खिडकीकडे सरकला. बस सुटली, तरी मी उतरलो नाही. त्या दिवशीच्या खाड्याचं मला आजही वाईट वाटत नाही.