हासता फोटू
कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या शिवणीत गुलालाची एक रेघ अजून शिल्लक आहे. ती दिसली की सानगडीजवळच्या तलावाची पाळ आठवते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी तेव्हा एका चित्रपटाच्या सेटवर स्थिरछायाचित्रे काढत होते. अंत्ययात्रेच्या दृश्यात तिरडीवर निजायला गावातलेच एक वृद्ध शेतकरी तयार झाले होते. नाकात कापूस, अंगभर गुलाल, झेंडूचा ओला वास. पुढच्या शॉटला हार तसेच जुळावेत म्हणून मी त्यांना सर्व बाजूंनी टिपले. बघ्यांतून त्यांची बायको म्हणाली, "पाहा, इथं कसे गुपचूप निजले! घरी त घोरून घोरून निजू देत नाही." सगळे हसले. काम संपताच ते उठून बसले आणि मला म्हणाले, "बाई, आता एक हासता फोटू काढजा. मेल्याचं सोंग केलं त हासून उठा लागते." ऊन उतरत होते, आणि मला ती अंधश्रद्धा वाटली. "उद्या काढते, बाबा," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमचे युनिट साकोलीला हलले. काही महिन्यांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. "मामाजी गेले, बाई. आधारवरचा फोटू मोठा केला त तोंडच दिसत नाही. तुमच्यापाशी भिंतीवर लावाले एखादा असन न?" तो हासता फोटू राहून जाणे आणि त्यांचे जाणे, या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध नाही, हे मला आजही ठाऊक आहे. मी सगळी छायाचित्रे तपासली. प्रत्येक सुस्पष्ट आहे, आणि प्रत्येकात त्यांचे डोळे मिटलेले आहेत. सुनेला मी अजून काहीच पाठवलेले नाही.