आत्याच्या बाजूचा ब्रेक

माझ्या आत्याला सगळं गाव 'डबलब्रेक' म्हणतं, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडी एकच, फिकट निळी, वयाने माझ्यापेक्षा मोठी. शिकणारीच्या पायाशी ब्रेक-क्लच असतात, तसेच शेजारी बसलेल्या आत्याच्या पायाशीही आहेत. शिकणारी गडबडली की आत्या आपल्या बाजूचा ब्रेक दाबते आणि वर दोन शब्द सुनावते. अर्ध्या गावातल्या बायका त्या गाडीत रडल्या आणि त्याच गाडीत शिकल्या.

सुरुवातीला लोक फिदीफिदी हसले होते. म्हणे, बाई काय गाडी शिकवणार! गाड्यांच्या शौकीन मंडळींनी तर तिच्या गाडीला कधी गाडी म्हटलंच नाही, डबडं म्हटलं. म्हणून जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतंय म्हटल्यावर आत्या हट्टाला पेटली.

"त्यांच्या पहिल्या रांगेत उभी करणार," ती म्हणाली. "माझी गाडी ही गाडी आहे, हे एकदा त्यांच्याच तोंडून ऐकायचंय मला."

मग तिने घर डोक्यावर घेतलं. मला जुना टूथब्रश देऊन चाकांच्या खाचा घासायला बसवलं. बंपर इतका चमकवला की त्यात बाबांचं टक्कल दिसायला लागलं. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. काम कमी, सल्ले फार.

"ताई, खाली गालिचा टाकू. भोवती दोर लावू. आरसेही ठेवू."

"आरसे कशाला? तिला काय स्थळ बघायला येणार आहे?"

प्रदर्शनात बाकीच्यांनी गाड्या ट्रकवर लादून आणल्या. आत्याने स्वतः चालवत नेली. चाकं जराशी वळवून गाडी तिरकी उभी केली, म्हणजे येणाऱ्याला तिचं तोंडही दिसतं आणि अंगही. मग आपल्या बाजूचं दार सताड उघडलं. आत तिची पेडलं लखलखत होती. झिजलेलं रबर मात्र तिने तसंच ठेवलं होतं.

परीक्षक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. गाडीभोवती फिरले, "वा!" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ते उघड्या दारापाशी वाकले.

"बाई, गाडी अस्सल आहे. लगेच पहिल्या रांगेत घेतो. फक्त ही जादाची पेडलं काढा. ती कंपनीतून आलेली नाहीत."

बाबांनी खिशातून पाना काढलासुद्धा! म्हणजे हा माणूस घरूनच तयारीने आला होता. असा संताप आला मला! "ताई, चार बोल्टांचा तर प्रश्न आहे. संध्याकाळी परत बसवू. कुणाला कळणार आहे?"

"मला," आत्या म्हणाली. "तो पाना आधी खिशात घाल."

"एवढ्याशा गोष्टीसाठी हातची जागा घालवता?" परीक्षक म्हणाले.

"एवढीशी? अहो, मी या ब्रेकवर पाय ठेवून बसले म्हणून बायकांनी स्टिअरिंग धरलं. ती पेडलं काढली तर उरलं काय? पत्रा! आणि पत्राच बघायचा असेल तर पलीकडे रांगच्या रांग आहे."

पलीकडची रांग कान टवकारून ऐकत होती. कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी भलंमोठं पिवळं स्टिकर काढलं, त्यावर ठळक अक्षरांत 'अपात्र' असं छापलेलं, आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यात थापलं.

आत्याचे डोळे भरून आले, मी पाहिलं. तिला ती रांग हवी होती हो, मनापासून हवी होती. पण तिने नाक ओढलं, फडकं घेतलं आणि स्टिकरभोवती उमटलेले परीक्षकांच्या बोटांचे डाग पुसून काढले.

अपात्र गाड्यांनी मागच्या फाटकातून जायचं होतं. आत्या पुढच्या फाटकातून गेली, हॉर्न वाजवत.

घरी आल्यावर बाबा बिचारे गरम पाणी आणि ब्लेड घेऊन स्टिकर खरवडायला निघाले. "हात तर लावून बघ!" आत्या कडाडली.

सोमवारी सकाळी एक नवी विद्यार्थिनी आली. स्टिअरिंगमागे बसल्यावर तिचं काचेकडे लक्ष गेलं.

"मॅडम, हे काय लावलंय?"

"बक्षीस," आत्या म्हणाली. "टाक पहिला गिअर."