तोंडातले काळे फोड

तोंडात रक्ताचे काळे-लाल फोड आले, तेव्हा मी सगळा दोष वांग्याच्या गरम भरताला दिला. घाईत घास घेतला, पोळलं, विषय संपला. नवसांविरुद्ध पत्रकं सायक्लोस्टाईल करून आमच्या देवपुरात वाटणारी मुलगी मी. आई मात्र म्हणाली, "देवले बोल लावस ना, म्हनीसन तोंड उनं तुनं." मी म्हटलं, "देवाला बोल लावून तोंड येतं, तर मग खोटं बोलणाऱ्या पुढाऱ्यांची तोंडं धड कशी?" ती हसली नाही. दोन दिवसांत फोड वाढले, दात घासताना रक्त येऊ लागलं. तिचा घाबरलेला चेहरा बघवेना म्हणून तिच्याबरोबर मुक्ताईच्या दर्शनाला एदलाबादला, आताच्या मुक्ताईनगरला, गेले. देवळात पाऊल टाकणार नाही, हे एसटीतच बजावलं होतं.

आमच्याकडे असे फोड बाभळीच्या काट्याने फोडतात. दर्शन झालं की फोडायचे म्हणून आईने काटा रुमालात बांधून आणला होता.

"पाय तरी धू," नळाशी ती म्हणाली. मी साडी जरा वर धरली. शेजारी पाय धुणाऱ्या बाई माझ्या पोटऱ्यांकडे बघत राहिल्या. तिथे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. त्यांनी बोटाने दाबलं, ठिपके विरले नाहीत.

"ताई, तोंड उघडा बरं." फोड पाहून त्या आईवर ओरडल्याच, "काटा फेका आधी! रक्त थांबणार नाही. आत्ता जळगावला चला."

त्या भुसावळच्या नर्स होत्या.

"आन तुमनं दर्शन?" आईने विचारलं.

"मुक्ताई काय पळून जाते का, आक्का?" म्हणत त्या आमच्याबरोबर गाडीत बसल्या.

डॉक्टर म्हणाले, घास पोळला किंवा दात लागला तरी असा फोड येतो. पण इतके फोड, त्यात पायांवर ठिपके, म्हणजे रक्त तपासायलाच हवं. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी निघाल्या. हिवतापासाठी घेत असलेल्या गोळ्यांचा संशय आला, त्या बंद केल्या, उपचार सुरू झाले.

पत्रकं मी आजही लिहिते. अंगाऱ्याने फोड जातात म्हणणाऱ्याशी आजही भांडते. पण न तपासता भरताचं कारण मीही किती ठामपणे मानलं होतं! आणि नेमक्या त्या घटकेला त्या बाईंना त्या नळावर कुणी आणलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते शोधायचा हट्टही सोडला.

बरी झाल्यावर आईबरोबर पुन्हा गेले. या वेळी आत गेले आणि वाकले. मनात म्हटलं, तुला ओळखते असं म्हणत नाही. पण मी वाचले, एवढं तुझ्या पायांशी सांगायला आले.